बेटावरचे पाणी आणि मैलापाणी: आधी काय हाती घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे १०,००० वस्तीचे एक सखल, वालुकामय बेट आहे आणि हंगामात पाहुण्यांमुळे तिथली वस्ती जवळजवळ दुप्पट होते. जलवाहिन्या ४० वर्षांच्या आहेत, पाणी दिवसातून दोन वेळा सुटते आणि विहिरी दरवर्षी अधिक मचूळ होत आहेत. निम्मी घरे मलवाहिनीला जोडलेली आहेत, तर उरलेली सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यांवर अवलंबून आहेत. एकदाच मिळणारा निधी मंजूर झाला आहे आणि पालिकेसमोर दोन प्रस्ताव आहेत: समुद्राचे पाणी दाबाने पडद्यातून गाळून गोडे करणारा मोठा आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) प्रकल्प किंवा मैलापाण्याचे नवे शुद्धीकरण केंद्र. यांपैकी आधी काय हाती घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की यांपैकी कोणतेही काम पहिले नाही. पहिले वर्ष आणि निधीचा साधारण पाचवा हिस्सा मोजमाप, जलवाहिन्यांची गळती आणि आहे त्या मलवाहिन्यांत शिरणारे समुद्राचे पाणी या तीन गोष्टींवर खर्च करावा. त्यानंतर उरलेल्या घरांचे मैलापाणी गोळा करून शुद्ध करावे. आरओ प्रकल्प सर्वांत शेवटी उभारावा, आणि तो आज कागदावर आहे त्यापेक्षा बराच लहान असावा. हे उत्तर लोकप्रतिनिधींना आवडत नाही, कारण पहिल्या वर्षात उद्घाटन करण्याजोगे काहीच उभे राहत नाही. तरीही बेटांवरच्या आणि किनाऱ्यालगतच्या पाणीयोजनांवर पंचवीस वर्षे काढल्यावर मी हाच क्रम सांगतो. त्याची कारणे सविस्तर मांडतो.

सखल बेटाखालचे गोडे पाणी म्हणजे जमिनीखालचा तलाव नव्हे. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि त्याचा आकार मध्ये जाड व कडेला पातळ अशा भिंगासारखा होतो. गोड्या पाण्याची घनता १.००० आणि समुद्राच्या पाण्याची १.०२५ धरली, तर समुद्रसपाटीच्या वर असलेल्या दर एक मीटर गोड्या पाण्यामागे सपाटीच्या खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असते. हे नाते घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस स्वतंत्रपणे मांडले. प्रत्यक्षात गोड्या आणि खाऱ्या पाण्यामध्ये मिसळीचा जाड थर असल्यामुळे हाती येणारे पाणी त्याहून कमी असते. मात्र या नात्याची दुसरी बाजू फार कमी लोक लक्षात घेतात. उपशामुळे पाण्याची पातळी कायमची ५ सेंटीमीटर खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने २ मीटर वर सरकू शकते. विहीर एका रात्रीत खारी होत नाही. ती वर्षानुवर्षे मचूळ होत जाते, आणि तिला पुन्हा गोडे करायला त्याहून अधिक वर्षे लागतात.

याच वाळूत आपण एका बाजूला विहीर खणतो आणि दुसऱ्या बाजूला शोषखड्डा. मोठ्या भूभागावर या दोन गोष्टींमध्ये माती, अंतर आणि काळ असतो. बेटावर तीनही तुटपुंजे असतात, आणि जाड वाळूतून वा प्रवाळखडकाच्या भेगांतून जंतू आणि नायट्रेट सहज पुढे जातात. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या तारावा बेटावर १९७७ साली कॉलऱ्याची साथ आली आणि त्यानंतर तिथल्या दाट वस्त्यांमध्ये मलवाहिन्या घालण्यात आल्या. साथ आल्यावर घातलेली मलवाहिनी साथीआधीही घालता आली असती, ही बोच आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने बाळगली पाहिजे.

आता क्रमाचे कारण. घराला दिलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे योजनेच्या आराखड्यात धरतात. आपल्या बेटावर निम्मी घरे शोषखड्ड्यांवर आहेत. अशा स्थितीत आरओ प्रकल्प उभारून पुरवठा दुप्पट केला, तर त्या खड्ड्यांत उतरणारे पाणीही जवळपास दुप्पट होईल आणि आज जी विहीर केवळ मचूळ आहे ती उद्या दूषितही होईल. बेटावर पाणी वाढवणे म्हणजे मैलापाणी वाढवणे, आणि ते जायला वाळू व समुद्र यांखेरीज तिसरी जागा नाही. म्हणून पाणीपुरवठा आणि मलनिःसारण हे दोन वेगळे प्रकल्प मानून त्यांचे दोन वेगळे आराखडे करणे हीच पहिली चूक ठरते.

गळतीकडे येतो, कारण सर्वांत स्वस्त पाणी तिथेच आहे. वालुकामय बेटावर गळती दिसत नाही. चिकणमातीत फुटलेली वाहिनी रस्त्यावर डबके करते आणि लोक तक्रार करतात. वाळूत मात्र पाणी सरळ खाली जाते आणि वरचा रस्ता कोरडाच राहतो. त्यामुळे ‘आमच्याकडे गळती फारशी नाही’ असे जेव्हा बेटावरचे अभियंते सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांना ती कधी दिसलेलीच नसते. शिवाय दिवसातून दोनदाच पाणी सुटत असेल तर ती मोजताही येत नाही. गळती मोजण्याची खरी वेळ म्हणजे रात्री दोन ते चार, जेव्हा लोक झोपलेले असतात आणि वाहिनीतून वाहणारे जवळजवळ सगळे पाणी गळतीचेच असते. त्यासाठी एकेका विभागाला काही रात्री अखंड दाब द्यावा लागतो. त्या काळात दुसऱ्या विभागाचे पाणी कमी होते आणि नागरिक रागावतात. ते आधी समजावून सांगावे, पण मोजणी टाळू नये.

एका बेटावरची एक रात्र मला स्पष्ट आठवते. टाकीच्या निर्गमावर नवा मीटर बसवला होता आणि एक जण बॅटरीच्या उजेडात दर पाच मिनिटांनी त्याचे वाचन घेत होता. दुसरा सायकलवरून एकेक व्हॉल्व्ह बंद करत चालला होता आणि प्रत्येक व्हॉल्व्ह बंद झाल्यावर आकडा किती उतरतो ते आम्ही वहीत टिपत होतो. सहा व्हॉल्व्ह झाले, तरी आकडा किरकोळच हलला. सातवा बंद केला आणि प्रवाह एकदम तिसऱ्या हिश्श्याने खाली आला. त्या व्हॉल्व्हच्या पुढे नकाशावर एकही घर नव्हते. सकाळी खोदले तेव्हा कित्येक वर्षांपूर्वी पाडलेल्या एका इमारतीकडे जाणारी शाखा सापडली. तिच्या टोकाला टोपण नव्हते, लाकडी खुंटी ठोकलेली होती आणि ती केव्हाच कुजून गेली होती. त्या भोकातून वर्षानुवर्षे रोज वाळूत पाणी जात होते आणि त्याच बेटावर उन्हाळ्यात बायका तीन-तीन तास हंडे घेऊन उभ्या राहत होत्या. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

आपल्या बेटासाठी एक नमुन्याचा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, खरे आकडे मोजणीतूनच यावेत. समजा रोज २० लाख लिटर पाणी वितरणात जाते आणि पहाटे तीन वाजता प्रवाह ताशी ४५,००० लिटर आहे. त्यात घरांचा रात्रीचा खरा वापर ५,००० लिटर धरला, तर ताशी ४०,००० लिटर गळती उरते. दिवसा वापर वाढल्याने दाब उतरतो आणि गळतीही थोडी कमी होते. म्हणून २४ ऐवजी २० तास धरले, तरी दिवसाला ८ लाख लिटर म्हणजे ४० टक्के पाणी जाते. हेच पाणी उद्या आरओचे असेल. समुद्राचे १,००० लिटर पाणी गोडे करायला चांगल्या प्रकल्पातही साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. म्हणजे ही गळती रोज सुमारे २,८०० युनिट वीज वाळूत सोडील. डिझेल जनित्र एका लिटरमागे साधारण साडेतीन युनिट देते. रोज ८०० लिटर डिझेल बोटीने आणायचे, जाळायचे आणि त्याचे पाणी जमिनीत सोडायचे, असा तो व्यवहार होईल. गळलेले पाणी शेवटी जमिनीखालच्या गोड्या पाण्यालाच मिळते, असा युक्तिवाद काही जण करतात. थोडे मिळते हे खरे आहे, पण भूजलाचे पुनर्भरण पावसाने फुकट होत असताना ते डिझेलने करण्याचे कारण नाही.

गळती कमी करण्याची कामे साधी आहेत. वितरणाचे विभाग पाडून प्रत्येकाच्या प्रवेशावर मीटर बसवावा. रात्री दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लावावेत, कारण गळती दाबाबरोबर वाढते आणि प्लास्टिकच्या वाहिन्यांतल्या चिरांच्या बाबतीत तर ती दाबाच्या प्रमाणाहूनही अधिक वाढते. मुख्य वाहिन्या बदलण्याआधी घरजोडण्या बदलाव्यात. बहुतेक गळत्या मुख्य वाहिनीवर नसून फेरूल (मुख्य वाहिनीवर घरजोडणी जिथे बसते तो तुकडा) आणि घराचा मीटर यांदरम्यानच्या अर्ध्या-पाऊण इंची नळात असतात. नव्या वाहिन्या शक्यतो एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या, वितळवून जोडलेल्या असाव्यात, कारण खाऱ्या भूजलात लोखंड टिकत नाही. कान लावून गळती शोधण्याच्या उपकरणांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. प्लास्टिकमधून आणि वाळूतून आवाज दूरवर जात नाही. एकेक व्हॉल्व्ह बंद करत जाण्याची जुनी पद्धत इथे अधिक खात्रीची आहे. माल्टा हा कोरडा बेटदेश पिण्याच्या पाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर आरओवर अवलंबून आहे आणि तिथेही गळती शोधण्याचे काम वर्षानुवर्षे नेटाने चालू ठेवावे लागले.

गळती आटोक्यात आली की चोवीस तास दाब ठेवणे शक्य होते, आणि मला त्याचे मोल वाचलेल्या पाण्याहून अधिक वाटते. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी होते, तिच्यात पोकळी निर्माण होते आणि ज्या फटीतून एरवी पाणी बाहेर जाते त्याच फटीतून आजूबाजूचे मैलापाणी आत ओढले जाते. क्लोरीन कितीही घातले तरी याला पूर्ण उतारा नाही.

आता मलवाहिन्यांतल्या मिठाविषयी. प्रकल्प अहवालांत हा विषय सहसा अर्ध्या पानात उरकलेला असतो, आणि बेटावरची शुद्धीकरण केंद्रे बिघडतात ती बहुतेक याच कारणाने. सखल बेटावरच्या मलवाहिन्या भूजलाच्या पातळीखाली असतात. सांधे निखळलेले असतात, चेंबरच्या विटांतून पाझर असतो, आणि उधाणाच्या भरतीला खारे पाणी सर्व बाजूंनी आत शिरते. हे शोधायला महागडे उपकरण लागत नाही. हातात मावणारा वाहकता मीटर पुरतो; पाण्यात मीठ जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते आणि वाहकता जास्त भरते. समुद्राच्या पाण्याची वाहकता सेंटीमीटरला साधारण ५०,००० मायक्रोसीमेन्स असते आणि सामान्य मैलापाण्याची १,००० च्या आसपास. एखाद्या चेंबरमध्ये ११,००० भरली, तर तिथे वाहणाऱ्या पाण्यात पाचवा हिस्सा समुद्र आहे. एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला), दोन्ही वेळा मध्यरात्रीनंतर, वरच्या चेंबरपासून खालच्या चेंबरपर्यंत वाचने घेत गेले की कोणत्या दोन चेंबरच्या दरम्यान मीठ शिरते ते त्याच रात्री कळते. मग सगळी मलवाहिनी बदलावी लागत नाही. एवढ्याच तुकड्याला आतून अस्तर घालता येते आणि चेंबर बंदिस्त करता येते.

हे मीठ तीन प्रकारे नडते. पहिला प्रकार उघड आहे: पंप आणि केंद्र यांना फुकटचे पाणी वाहावे लागते. दुसरा सावकाश होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते. ते मलवाहिनीत आले आणि लांब दाबवाहिनीत प्राणवायूविना तासन्‌तास पडून राहिले, की जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात. हा वायू पुढच्या चेंबरमध्ये सुटतो आणि काँक्रीटच्या ओल्या छतावर दुसऱ्या जिवाणूंच्या क्रियेने त्याचे गंधकाम्ल होते. झाकण उघडून छताला खिळा लावला तर काँक्रीट ओल्या खडूसारखे सुटून येते. तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. हा वायू माणूस मारतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि आत उतरलेल्याला धोका सरल्यासारखे वाटते. मिठाचे पाणी शिरणाऱ्या मलवाहिनीच्या चेंबरमध्ये वायुमापक, खेळती हवा, पट्टा आणि वर उभा माणूस असल्याखेरीज कोणालाही उतरू देऊ नये, आणि शक्यतो कोणालाच उतरावे लागणार नाही अशी रचना करावी. निविदेत या एका कलमावर कोणाशीही तडजोड करू नका.

याला जोडूनच समुद्राच्या पाण्याने शौचालये धुण्याचा पर्याय येतो. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकापासून ही वेगळी जलवाहिनी आहे, तिथल्या बहुसंख्य लोकांची शौचालये तिच्यावर चालतात आणि त्यातून गोड्या पाण्याची मोठी बचत होते. तारावावरही मलवाहिन्यांसाठी हीच पद्धत वापरली गेली. दाट, श्रीमंत शहराला दोन जलवाहिन्यांचा खर्च परवडतो. लहान बेटाने मात्र हे करण्याआधी दोनदा विचार करावा, कारण त्यामुळे सगळे मैलापाणी खारट होते, वाहिन्या आणि पंप लवकर खराब होतात आणि शुद्ध केलेले पाणी बागेला किंवा शेतीला घालण्याची वाट बंद होते. आपल्या बेटाला मी ते सुचवणार नाही.

उरलेल्या निम्म्या घरांचे मैलापाणी कसे गोळा करावे? उताराने वाहणारी पारंपरिक मलवाहिनी प्रत्येक शंभर मीटरला खोल खोल जाते, आणि सखल वाळूत खोल चर खणायचा म्हणजे रात्रंदिवस भूजल उपसत राहायचे. तो उपसाही खालचे खारे पाणी वर ओढतो, हे ठेकेदाराच्या हिशेबात नसते. अशा जमिनीत निर्वात मलवाहिनी उपयोगी पडते: केंद्रावरचा पंप वाहिनीत निर्वात ठेवतो, घरांजवळच्या छोट्या कुंडीतला व्हॉल्व्ह उघडतो आणि मैला ओढला जातो. चर उथळ राहतो आणि वाहिनी फुटली तरी मैला बाहेर न येता हवा आत जाते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटमालिकेत की लार्गोवर हजारो शोषखड्डे आणि सेप्टिक टँक बंद करताना हीच पद्धत वापरली. तिचा कच्चा दुवा म्हणजे तो छोटा व्हॉल्व्ह. शेकडो व्हॉल्व्हपैकी एखादा अडकला की तो शोधून सोडवणारा माणूस बेटावरच राहणारा हवा. विरळ वस्तीतल्या घरांसाठी सेप्टिक टँक पक्क्या, न गळणाऱ्या करून फक्त वरचे निवळलेले पाणी बारीक वाहिनीने नेणे हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे.

हे काम टाळले तर काय होते ते हवाईत दिसते. तिथे ८०,००० हून अधिक शोषखड्डे आहेत आणि ते २०५० पर्यंत बदलण्याचा कायदा २०१७ साली करावा लागला. शुद्ध केलेले पाणी जमिनीत सोडले की प्रश्न मिटला, असेही मानू नये. माउई बेटावर लाहाइना इथे शुद्धीकरण केंद्राचे पाणी विंधन विहिरींतून जमिनीत सोडत असत. २०११ साली त्यात रंगद्रव्य मिसळून चाचणी घेतली, तेव्हा ८४ दिवसांनी तो रंग किनाऱ्याजवळच्या समुद्रतळातून वर येताना सापडला. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२० साली न्यायालयाने असे ठरवले की भूजलामार्गे सोडलेले पाणी जर थेट समुद्रात सोडल्यासारखेच पोहोचत असेल तर त्यालाही परवाना लागतो. खाजणाच्या, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या शांत पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस गेला की शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरते. प्रवाळ मेले की लाटा अडवणारी भिंतच खचते. म्हणून केंद्राच्या निकषांत नायट्रोजन काढण्याची अट घालावी आणि निर्गमवाहिनी प्रवाळभिंतीच्या बाहेर, खोल पाण्यात न्यावी.

शुद्धीकरणाची प्रक्रिया कोणती यावर विक्रेते आठवडाभर बोलू शकतात. माझे मत थोडक्यात असे की ज्या दिवशी मुख्य चालक आजारी असेल, बोट आलेली नसेल आणि वीज दोनदा गेलेली असेल त्या दिवशीही जी चालेल ती प्रक्रिया निवडावी. पडदा तंत्राचे केंद्र कमी जागेत उत्तम पाणी देते, पण वीज, रसायने आणि पडद्यांचे सुटे संच सतत मागते. आपल्या बेटाला दोन समांतर टाक्यांचे, पाळीपाळीने भरून निवळवणारे साधे केंद्र पुरेल. हंगामात वस्ती दुप्पट होते त्यामुळे दोन टाक्या आवश्यकच आहेत. एक वर्षभर चालवायची आणि दुसरी हंगामाच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची, कारण नायट्रोजनवर काम करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि पाहुणे उतरल्याच्या दिवशी ते तयार नसतात. गाळाचे काय करायचे हे आराखड्याच्या पहिल्याच आवृत्तीत लिहिलेले असावे. बेटावर कचराभूमीला जागा नसते आणि गाळ बोटीने नेणे फार महाग पडते. बोरूच्या (पाणथळीतल्या उंच गवताच्या) वाफ्यांवर तो वर्षानुवर्षे वाळवत ठेवणे बहुतेक ठिकाणी जमते.

आता आरओ प्रकल्प. गळती निम्म्यावर आली आणि विहिरींचा उपसा कमी झाला की किती पाणी खरोखर कमी पडते ते कळेल. प्रकल्प तेवढाच करावा, आणि एका मोठ्या संचाऐवजी तीन लहान संचांचा करावा. मालदीवची राजधानी माले इथे ४ डिसेंबर २०१४ रोजी पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि एक लाखाहून अधिक लोकांचे नळ बंद झाले. शेजारच्या देशांकडून विमानांनी आणि जहाजांनी पाणी आणावे लागले. साठा पुरेसा नसताना सगळे शहर एकाच ठिकाणावर अवलंबून होते. तुर्कस्तानातून उत्तर सायप्रसला जाणारी, समुद्रात तरंगत ठेवलेली जलवाहिनी २०१५ साली सुरू झाली, २०२० च्या जानेवारीत तुटली आणि दुरुस्तीला अनेक महिने लागले. म्हणून बेटावर निदान पाच ते सात दिवसांचा साठा असावा, आणि तो दोन वेगवेगळ्या जागी असावा.

आरओचे पाणी थेट जुन्या वाहिन्यांत सोडू नये. त्यात खनिजे जवळजवळ नसतात आणि ते लोखंड, सिमेंट दोन्ही खाते. जुन्या वाहिन्यांतला गंजाचा थर सुटतो आणि घरोघरी लाल पाणी येते. ते आधी चुनखडीच्या थरातून नेऊन त्याची कठीणता आणि सामू (पीएच) वाढवावा. बाहेर पडणाऱ्या दाट खाऱ्या पाण्याचाही हिशेब करावा: शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून चाळीस लिटर गोडे घेतले, तर उरलेल्या साठ लिटरचा खारटपणा लिटरला ३५ वरून सुमारे ५८ ग्रॅमवर जातो. हे जड पाणी खाजणात न सोडता वाहत्या पाण्यात, फवारणाऱ्या मुखांतून सोडावे. लक्षद्वीपच्या कवरत्तीत २००५ पासून वेगळा मार्ग वापरात आहे. तिथे खोल समुद्रातले थंड पाणी आणि पृष्ठभागाचे उबदार पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर रोज एक लाख लिटर गोडे पाणी मिळते. किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल असेल तर या पर्यायाची चौकशी जरूर करावी. पावसाचे पाणी मात्र कोणत्याही बेटाने सोडू नये. बर्म्युडात प्रत्येक घराचे पांढरे छप्पर टाकी भरते आणि मार्शल बेटांच्या माजुरोत विमानतळाच्या धावपट्टीवरचे पाणी साठवतात.

तोवर तहान कशी भागवायची, हा प्रश्न रास्त आहे. कंटेनरमध्ये बसवलेला लहान आरओ संच भाड्याने घेऊन दोन वर्षे काढता येतात. विहिरींचा उपसा एका जागी खोल न करता आडव्या, उथळ झिरपनळ्यांतून हळूहळू करावा. तारावावर बोनरिकी भागातले भूजल असेच काढतात. वादळात लाटा बेटावरून गेल्या आणि विहिरी खाऱ्या झाल्या, तर त्या जोराने उपसून ‘साफ’ करू नयेत, त्याने खालचे खारेही वर येते. कुक बेटांतल्या पुकापुकावर २००५ च्या वादळानंतर भूजल पुन्हा पिण्यायोग्य व्हायला सुमारे अकरा महिने लागले. पावसाला त्याचे काम करू देण्याखेरीज उपाय नव्हता.

निधी मंजूर करणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत विचारावे: पुढची दहा वर्षे वीज, पडदे, रसायने आणि पगार कोण देणार? यंत्रे खरेदी करताना संपूर्ण बेटावर पंपांची दोन-तीनच मापे ठेवावीत, म्हणजे एक सुटा पंप चार ठिकाणी चालतो. खाऱ्या हवेत विजेचे पॅनेल उघडे राहिले तर दोन वर्षांत जाते. दाराचे रबर बदलणे ही कोणाच्या तरी नावावर लिहिलेली मासिक जबाबदारी असावी. बेटावरच्या फिटरना ठेकेदाराबरोबर बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून उभे करावे. ज्याने वाहिनी जमिनीत जाताना पाहिली आहे, त्यालाच ती रात्री दोन वाजता अंधारात सापडते.

सल्लागाराची नेमणूक व्हायला काही महिने जातील. त्या काळात तीन कामे आपल्याच माणसांकडून सुरू करावीत: प्रत्येक विहिरीची वाहकता आणि पाण्याची पातळी दर आठवड्याला एका वहीत टिपावी, टाकीच्या निर्गमावर एक चांगला मीटर बसवावा, आणि येत्या अमावास्येच्या उधाणाला मध्यरात्रीनंतर समुद्रालगतच्या मलवाहिनीवरची चेंबर खालून वर एकेक उघडून, आत न उतरता, दोरीला बांधलेल्या भांड्याने नमुने काढून त्यांची वाहकता मोजावी.